घागरीशेजारचा बोकड

मी जालना जिल्ह्यात बोकड विकलेला बघायला गेले होते. असं सरळ सांगितलं की चिपळुणातली माणसं माझ्याकडे जरा काळजीने बघतात. कुणी लेणी बघायला जातं, कुणी देवदर्शनाला. ही बाई एवढा प्रवास करून बोकड बघायला गेली, आणि तोही दुसऱ्याचा. पण माझं दुखणं वेगळं होतं, ते आधी सांगते.

आमचा घरगुती धंदा आमसुलांचा. आमसुलं, आगळ, फणसपोळी असं सगळं सासूबाईंच्या काळापासून चालत आलेलं. गिऱ्हाईक पडवीत यायचं, बसायचं, एक आमसूल तोंडात टाकून डोळे बारीक करायचं आणि घेऊन जायचं. मुलाने फोनवर दुकान मांडून दिल्यापासून गिऱ्हाईक वाढलं, पण त्याचं तोंड दिसेनासं झालं. "ताई, दोन किलो बाजूला ठेवा, नक्की" असा निरोप येतो. मी ठेवते. मग निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात आणि पलीकडे सामसूम. पडवीत बसून गेलेला माणूस असा कधी पळाला नाही. फोनवर दिलेला शब्द हा शब्द असतो की नाही, या प्रश्नाने माझं डोकं उठलं होतं.

हे रडगाणं मी माझ्या मावसबहिणीला, विजूला, ऐकवलं. विजू लग्न होऊन जालन्याला गेली आणि जाफराबादकडच्या खेड्यांत नर्स म्हणून तिने नोकरी काढली. ती म्हणाली, "तुझी आमसुलं काय घेऊन बसलीस? आमच्याकडे एक बाई फोनवर बोकड विकते. या आठवड्यात तिची परीक्षाच आहे. यायचं तर ये." मी दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. पिशवीत भेट म्हणून आमसुलंच घेतली, दुसरं काय घेणार?

जालना

हिवाळा सरत आला होता. सकाळी अंगावर शाल आणि दुपारी डोक्यावर पदर, अशी तिकडची हवा. आमच्याकडे डोंगर इतके जवळ येऊन उभे असतात की माणसाला फार लांबचं बघायची सवयच नसते. इथे नजर टाकली की ती जातच राहते, मध्ये अडायला काही नाही. पहिला दिवसभर मला उगाच उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं.

स्टँडाबाहेर एक बाई मोसंब्यांची हातगाडी लावत होती. गाडीला पैसे घेण्याचा चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला होता, पावसापासून वाचावा म्हणून वर प्लास्टिक. मी मोठ्या ऐटीत फोन काढला. बाईने हात आडवा केला.

"भवानी हाय ताई. रोख द्या."

पहिल्या विक्रीला आमच्याकडेही भवानीच म्हणतात, पण ती फोनवर का चालू नये हे मला कळेना. मी विचारलं.

"नोट कपाळाला लावता येती," ती म्हणाली. "फोन तर तुमचा. तुमचा फोन माह्या कपाळाला लावू का?"

मी पर्स उलटीपालटी करून रोख दिली. तिने नोट गाडीला टेकवली, कपाळाला लावली, आणि माझ्यामागच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "मारा आता फोन." मला तिचा हिशेब पटला. नवीन पाहुण्याला घरात घ्यायचं, पण देवघराच्या बाहेर बसवायचं, तसं.

राजूर

जाफराबादच्या वाटेवर आधी राजूरला उतरलो, कारण विजू राजूरच्या गणपतीला नमस्कार केल्याशिवाय उत्तरेकडे सरकत नाही. चतुर्थी नव्हती, तरी माणसं बरीच होती, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. त्यामुळे रेंजची पार चटणी झाली होती. नारळ आणि दूर्वा घेतल्या, पैसे पाठवले, तर माझ्या फोनवर एक चक्र गोल गोल फिरायला लागलं. ते थांबेना. मला घाम फुटला. पर्समधली रोकड मोसंबीवालीकडे गेलेली, आणि विजू पुढे चपला काढायला पळालेली.

दुकानात एक पोक्त बाई बसली होती. माझ्या हातातला फोन बघून म्हणाली, "फिरू द्या त्याला. तुम्ही दर्शन करून या. देवाम्होरं कामून उशीर करता?"

"आणि पैसे नाही आले तर?"

"तर तुम्हीच येसाल की सांगायला."

मी नारळ घेऊन आत गेले खरी, पण दर्शनात लक्ष लागेना. गणपतीपुढे हात जोडून मी चक्राचाच विचार करत होते, देव मला क्षमा करो. बाहेर आले तर बाईने नुसती मान हलवली. तिच्या दुकानातला डबा बोलणारा आहे, पैसे आले की मोठ्याने ओरडतो. मी आत असताना तो ओरडून मोकळा झाला होता. चिपळुणात मी कुणा अनोळखी माणसाला असं "जा आणि ये" म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. त्याचा मला थोडा रागही आला, कुणाचा ते माहीत नाही.

गयाबाईंची वस्ती

जाफराबादच्या अलीकडे रस्त्यापासून आत, कापसाच्या रिकाम्या होत आलेल्या रानात दोन भावांची घरं आहेत. पूर्वी या घरातली माणसं मेंढरं घेऊन फिरायची; आता थोडी शेती आहे, दोन्ही भाऊ मजुरीलाही जातात, आणि शेळ्या आहेत. शेळ्या गयाबाईंच्या. गयाबाई म्हणजे थोरल्या भावाची, रामभाऊंची बायको. पन्नाशीच्या आसपासच्या, सडसडीत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांचं पहिलं बाळंतपण विजूने केलेलं, त्यामुळे विजूला अजून सगळे सिस्टरच म्हणतात.

पोचल्या पोचल्या शेळीच्या दुधाचा चहा आला. मी कधी प्यायले नव्हते. पहिल्या घोटाला चेहरा सरळ ठेवायला कष्ट पडले, दुसऱ्या कपाला मीच हात पुढे केला. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा आणि कच्चा कांदा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळून ठेवलेली पूड. पाहुणा दारात दिसला की पाण्यात सोडायची, आमटी तयार. आमच्याकडे पाहुणा आला की आधी नारळ खवायला बसावं लागतं, तोवर पाहुणा ताटकळतो. मी येसराची कृती लिहून घेतली.

मग गयाबाईंनी मला त्यांचं दुकान दाखवलं. दुकान म्हणजे फोन. या भागातल्या शेळीवाल्यांचा आणि व्यापाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर जनावरांचे फोटो टाकायचे. गयाबाईंच्या प्रत्येक फोटोत एक गोष्ट सारखी: बोकडाशेजारी स्टीलची घागर.

"ही घागर कशाला?" मी विचारलं.

"आधी न्हवती टाकत. मंग पार दुसऱ्या जिल्ह्याचा एकजण आल्ता. फोनवर सौदा ठरला, गाडी घिऊन आला, अन् बोकड बघून म्हणतो, फोटोत मोठा दिसत व्हता. गेला तसाच परत." त्या घागरीकडे बघत म्हणाल्या, "खाली बसून फोटो काढला की शेळीबी घोडा दिसती ताई. मी काई मुद्दाम न्हवता काढला. पण त्याला काय माहीत? घागर केवढी असती ते समद्याला माहीत हाय. आता कुणी म्हणू शकत न्हाई."

ग्रुपवर बाकीच्यांनीही मग घागरी ठेवायला सुरुवात केली. एका बहाद्दराने घागरीच्या जागी मुद्दाम छोटी चरवी ठेवली, की शेजारचा बोकड डोंगराएवढा दिसावा. दिवसभर ग्रुपवर त्याची जी बिनपाण्याने हजामत झाली, ती गयाबाई अजून चवीने सांगतात. गयाबाईंचं नाव मात्र पडलं ते पडलं. व्यापारी त्यांना घागरीवाली म्हणतात. त्यांचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. फोनवर स्वतःचा फोटो म्हणूनही त्यांनी घागरच लावली आहे.

मी सगळे फोटो बघितले आणि मला एक गोष्ट खटकली. भाव कुठेच नव्हता. आमच्याकडे पाटीवर भाव लिहिलेला नसेल तर गिऱ्हाईक दुकानदाराला लबाड समजतं.

"भाव चारचौघांत बोलायचा नसतो," असं म्हणत गयाबाईंचे दीर किसनराव ओसरीवर येऊन टेकले. बारीक मिशा, खांद्यावर लाल ठिपक्यांचा रुमाल. बाजारात घरची जनावरं विकायचं काम आजवर त्यांचं. "आमच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं न्हाई, बोटानं होतो. सिस्टर, ताईला दाखवू का?"

त्यांनी भावाला, रामभाऊंना, समोर बसवलं. दोघांनी हातात हात दिले आणि वरून रुमाल टाकला. कोणतं बोट धरलं, किती धरली, मूठ दाबली की सोडली, यावर आकडा ठरतो. वरून कुणाला काही दिसत नाही. घेणाऱ्याला न् देणाऱ्यालाच ठाऊक. मी दोघांच्या चेहऱ्यांकडे टक लावून बघत होते. किसनराव दगडासारखे. रामभाऊ मात्र एकदम हसले आणि म्हणाले, "बराबर हाय."

"झालं?" मी विचारलं.

"ह्यांचं असंच हाय," गयाबाई म्हणाल्या. "पहिल्याच बोटाला हो म्हणत्यात. म्हणून भावजीला पाठवावं लागतं."

रामभाऊंनी कबुली दिल्यासारखी मान डोलावली. त्यांना वाद घालण्यापेक्षा शेळ्या चारणं बरं वाटतं.

मला आमच्या बंदरावरचे माशांचे लिलाव आठवले. तिथे भाव असा ओरडतात की समुद्राला ऐकू जावा, आणि ओरडण्यात बायका पुढे. कोळणीशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी गयाबाईंना म्हटलं, मग तुम्ही स्वतः का नाही जात बाजारात?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझा प्रश्न बावळट वाटला.

"परक्या माणसाच्या हातात हात कसा देऊ ताई?"

अंगणात शेळ्या चारा ओढत होत्या. गयाबाई शांतपणे बोलत होत्या, पण हातातली काडी मोडत होत्या. "शेळी वियाली तवा रातभर मी बसले. करडाला बाटलीनं दूध मी पाजलं. मोठं मी केलं. अन् शेवटाला रुमालाखाली काय झालं ते मला ठाव न्हाई. भावजी चांगले हायत, मी त्यांच्यावर आळ घेत न्हाई. पण इचारलं, किती बोटं धरली, तर म्हणत्यात, रुमालाखालचं इचारू नये वहिनी."

"रीतच हाय ती," किसनराव म्हणाले. "बाजारात सांगितलेलं घरात, घरातलं गावात. मंग पुढच्या बारीला व्यापारी बोट धरील का माझं?"

ग्रुपवर आल्यापासून गयाबाईंना वाट सापडली होती. फोटो सगळ्यांना दाखवायचा, आणि भाव मात्र एकट्या व्यापाऱ्याला आकड्यात लिहून पाठवायचा. त्यांना वाचायला बेताचंच येतं, पण आकडे येतात. बोलून निरोप पाठवणं त्यांनी कटाक्षाने टाळलं होतं, कारण आवाज भिंतीपलीकडे जातो. त्यांचा सगळ्यात देखणा बोकड, काळाभोर, कानावर पांढरा ठिपका असलेला, याच रीतीने ठरला होता. घेणारे जाफराबादच्या बाजारातले व्यापारी युसूफभाई. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. नुसते आकडे गेले, आकडे आले, आणि एका आकड्यावर दोघं थांबले. त्या आकड्यापुढे युसूफभाईंनी 'पक्का' एवढा एकच शब्द लिहून पाठवला होता.

उद्याच्या बाजारात बोकड सोपवायचा होता. किसनरावांचं म्हणणं, हे टिकणार नाही. "हातात हात न्हाई, तर जबान कशाची? त्यो दुसऱ्या जिल्ह्याचा गेला तसा ह्योबी जाईल." त्यावर घरात बोलाचाली झाली होती, आणि गयाबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं: उद्याचा सौदा मोडला, तर पुन्हा फोनवर विकायचं नाव काढणार नाही. पुढच्या बाजारापासून समद्या शेळ्या भावजीनेच विकाव्यात, त्या तोंडातून ब्र काढणार नाहीत. टिकला, तर आपल्या शेळ्या आपण विकणार.

विजू म्हणाली होती ती परीक्षा ही. मला एकदम माझी कपाटात बाजूला ठेवलेली आमसुलं आठवली, आणि खरं सांगते, माझा कल किसनरावांच्या बाजूला होता. मला वाटत होतं, बिचारी हरणार.

बाजार

सकाळी निघायच्या गडबडीत मी माझी पिशवी ओसरीच्या खांबाला अडकवली आणि तोंड धुवायला गेले. परत आले तर तो देखणा बोकड मान वर करून पिशवीत तोंड घालून उभा. आमसुलांची अर्धी पुडी त्याच्या पोटात गेली होती. उरलेली अर्धी चावताना त्याने जे तोंड केलं, ते पडवीतल्या गिऱ्हाइकांसारखंच होतं. मी कपाळाला हात लावला. ज्या बोकडावर सगळं घर डोळे लावून बसलंय त्याला मीच काहीतरी खायला घातलं की काय? गयाबाईंनी त्याच्या पोटावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "खाऊ द्या. झाडपाल्याचंच हाय ना?" पण जीपमध्ये बसल्यावर मी बोकडावरची नजर काढली नाही. गयाबाईंनी मांडीवर घागर घेतली होती. ओळख पटायला, म्हणाल्या.

जाफराबादचा बाजार म्हणजे मिरच्यांच्या ढिगांचा ठसका, तळणाऱ्या भज्यांचा धूर, आणि गुडीशेवेच्या परातींवर माशांचं राज्य. गुडीशेव म्हणजे गुळात घोळलेली जाड शेव. मी एक पुडी घेतली आणि ती दातांना चिकटली ती दुपारपर्यंत. जनावरांची जागा थोडी बाजूला. तिथे गेलं की आवाज एकदम खाली येतो. माणसं गटागटाने उभी, मध्ये दोघांचे हात रुमालाखाली, आणि सगळे आकाशाकडे बघितल्यासारखे चेहरे. आदल्या दिवशी ओसरीवर पाहिलेला खेळ इथे गंभीर होता. त्या गर्दीत विकणारी बाई गयाबाईंशिवाय मला दिसली नाही.

त्या एका बाभळीखाली उभ्या राहिल्या. बोकड बांधला, शेजारी घागर ठेवली, अगदी फोटोतल्यासारखी. किसनराव थोडे मागे, खांद्यावर रुमाल टाकून. रामभाऊ बोकडाची दोरी धरून. त्या दिवशी बाजारात माल खूप आला होता. येणारा जाणारा बोलत होता की भाव पडलेत. हे ऐकून गयाबाई पदर सारखा नीट करायला लागल्या. आजच्या दिवशी कोण कशाला ठरलेल्या भावाला घेईल? बाजूलाच स्वस्तात मिळत असताना?

युसूफभाई आले. साठीचे, पांढरी दाढी, खांद्यावर हिरव्या काठाचा मोठा रुमाल. ते आमच्यापुढून निघूनच जात होते. मग त्यांची नजर घागरीवर पडली आणि पाय थांबले.

"घागर हीच ना?" त्यांनी विचारलं.

"हीच," गयाबाई म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे पहिल्यांदा बघितलं. मग युसूफभाईंनी बोकड बघायला घेतला. पाठीवरून हात फिरवला, उंची घागरीशी लावून बघितली, समाधानाने मान हलवली. दात बघायला त्यांनी बोकडाचं तोंड उघडलं, आणि त्यांची भुवई वर चढली.

"ह्याचं तोंड लाल कामून हाय? बीमार तर न्हाई?"

बघणारी माणसं जवळ सरकली. किसनरावांनी सुस्कारा सोडला. गयाबाईंचा चेहरा पडला. आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण तो माझ्या आमसुलांचा रंग होता.

"बिमार नाही हो," मी पुढे होऊन म्हटलं. "माझी आमसुलं खाल्लीत त्याने. मी कोकणातून आणलेली." कुणाला आमसूल म्हणजे काय ते समजेना. मी पिशवीतून उरलेलं एक काढलं आणि युसूफभाईंपुढे धरलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, वास घेतला, आणि भर बाजारात तोंडात टाकलं. सगळे थांबले. त्यांचे डोळे बारीक झाले, एक मिटला, दाढी हलली.

"या अल्ला," ते म्हणाले. "हे बोकडानं खाल्लं? मंग तब्येत मजबूत हाय त्याची." त्यांनी बोटाने जीभ पुसून रंग बघितला आणि लोकांना दाखवला. माणसं हसली. मीही हसले.

हसणं विरलं आणि युसूफभाई खालच्या आवाजात म्हणाले, "माल चांगला हाय. पण भाभी, आज बाजार बिलकुल बसलाय. तुम्ही बघूनच राह्यल्या."

याच क्षणाची किसनराव वाट बघत होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. घरचं नुकसान होऊ नये एवढंच त्यांना वाटत असणार. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, पुढे आले आणि उजवा हात लांब केला. "या भाई. मी बोलतो."

युसूफभाईंनी त्या हाताकडे बघितलं. बाजारात पुढे केलेला हात कुणी नाकारत नाही, हे मला विजूने नंतर सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ, नाराज होऊ नका. पण सौदा तुमच्यासंगं न्हाई झाला."

मग त्यांनी घागर उचलली, उपडी केली आणि मध्ये ठेवली. स्वतःचा फोन तिच्या बुडावर ठेवला. "भाभी, तुमचाबी ठेवा."

गयाबाईंनी ठेवला. युसूफभाईंनी आपला हिरव्या काठाचा रुमाल झटकला आणि दोन्ही फोनांवर पसरला. एका बाजूने त्यांनी हात घातला, दुसऱ्या बाजूने गयाबाईंनी. हाताला हात लागत नव्हता. रुमालाखाली नुसता उजेड दिसायचा, थांबायचा, परत दिसायचा.

सगळा बाजार जमल्यासारखी गर्दी झाली. कुणीतरी म्हणालं, "हे काय नवीन काढलं?" दुसरा म्हणाला, "गप. सौदा चालू हाय." आणि खरोखर माणसं गप्प झाली, रुमालाखाली बोटं असताना होतात तशी. गयाबाई वाकून आत बघत होत्या. त्यांनी एकदा मान हलवली, नाही म्हणून. युसूफभाईंची बोटं परत हलली. गयाबाईंनी परत मान हलवली. मग त्यांनी रुमालाखाली काहीतरी केलं आणि हात तसाच ठेवला. युसूफभाई वाकले, बघितलं, आणि वाकलेलेच राहिले. रामभाऊंनी दोरी इतकी घट्ट धरली होती की बोकड ओरडला.

युसूफभाई सरळ झाले. दाढीवरून हात फिरवला. "बराबर," ते म्हणाले आणि रुमाल ओढून घेतला.

रामभाऊंच्या हातातली दोरी त्यांच्या हातात गेली. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, ते आंबट आणखी हाय का?" मी पिशवी झाडून दाखवली. गयाबाईंनी बोकडाच्या कानावरच्या पांढऱ्या ठिपक्याला एकदा हात लावला आणि पाठ फिरवली. त्यांचे डोळे भरले होते. मी तोंडात गुडीशेव टाकली, कारण माझेही भरायला लागले होते आणि मला ते दाखवायचं नव्हतं.

जीपची वाट बघताना मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, आकडा नका सांगू, पण रुमालाखाली झालं काय?

"त्यांनी कमी लिवलं. मी न्हाई म्हणलं. आणखी एकदा लिवलं, मी न्हाई म्हणलं. मंग मी काईच लिवलं न्हाई. वर सरकवत गेले, अन् त्यांनी त्या दिशी 'पक्का' म्हणून धाडलेलं जिथं व्हतं तिथं बोट धरलं." त्या हसल्या. "बोटानं धरलेलं बोट सुटलं की पुसून जातं ताई. हे पुसलं न्हवतं. त्यांचीच जबान हाय, तेबी काय करतील? ठरल्यापरीस एक बोट कमी न्हाई झालं."

मला माझी निळ्या खुणांची माणसं आठवली. त्यांचा "नक्की" माझ्याही फोनात तसाच पडून आहे, मी कधी तिथे बोट धरून उभी राहिले नाही. घरी आल्यावर आठवडाभर मी तेवढंच केलं, ज्याचा त्याचा "नक्की" ज्याला त्याला परत दाखवला. काहीजण परत आले, काहीजण नाही आले ते नाही आले. आमसुलांच्या फोटोत आता मी शेजारी करवंटी ठेवते.

जीप निघाली. किसनराव आमच्यासमोर बसले होते आणि बराच वेळ बाहेर बघत होते. तुरीच्या रिकाम्या रानांतून धूळ येत होती. गयाबाईंनी घागर दोन पायांमध्ये धरली होती, ती प्रत्येक खड्ड्याला ठणठण वाजायची. शेवटी किसनरावांना राहवलं नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "कितीला दिलं?"

गयाबाईंनी पदर नीट केला. रामभाऊ खाली बघून हसायला लागले होते.

"भावजी," त्या म्हणाल्या, "रुमालाखालचं इचारू नये."

पुढच्या खड्ड्याला घागर कलंडली, तेव्हा किसनरावांनी वाकून ती उचलली आणि वस्ती येईपर्यंत स्वतःच्या मांडीवर धरून बसले.